आधी चप्पल काढून पाय बघा, डॉक्टर!



या महिन्यात आरोग्याच्या पानावर मी एक मागणी मांडणार आहे. ती मांडण्याआधी माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगते.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जीएनएमचा डिप्लोमा करून मी एका दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत नोकरी करत होते. आमच्या वस्तीतल्या एक मावशी टाचेची जखम घेऊन आल्या. रस्ते झाडण्याचे काम, तेही कंत्राटावर. बूट नाहीत, हातमोजे नाहीत, पायात झिजलेली स्लीपर. टाचेवर आधी काळा डाग होता, तो वाढला, मग फुटला. मावशी म्हणाल्या, "कुरूप हाय गं बाई. ब्लेडनं कापलं, बिब्बा लावला, पर जाईना." आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे त्या चार वेळा जाऊन आल्या होत्या. चारही वेळा मलम आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या. एकदाही त्यांना टेबलावर झोपवून, दिव्याखाली पाय धरून कोणी पाहिले नव्हते.

मी मात्र पाहिले. तीन आठवडे मीच त्यांचे ड्रेसिंग केले. जखमेच्या कडेला काळपट रंग पसरला होता, कागदावर सांडलेली शाई फुटावी तसा. बिब्ब्याने कातडी भाजली असेल असे मी धरून चालले. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "जांघेत अवधाण आलंय." पायाला जखम असली की अवधाण येतेच, काळजी करू नका, असे मीच त्यांना सांगितले.

पुढे काही महिन्यांनी मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला. मेलॅनोमा. कातडीच्या कर्करोगातला सर्वांत घातक प्रकार. जांघेतली गाठ हे साधे अवधाण नव्हते, तिथपर्यंत रोग पोहोचला होता. पुढच्या चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मावशी नव्हत्या.

त्या टाचेकडे डॉक्टरांनी पाहिले, मी पाहिले, मुकादमाने पाहिले, घरच्यांनी पाहिले. कोणी दुष्ट नव्हते. डॉक्टर भले होते, गरिबाकडून पैसे न घेणारे होते. पण ओळखले कोणीच नाही, कारण ओळखायला आम्हाला कोणी शिकवलेच नव्हते. आज मला एवढेच म्हणायचे आहे, की आपल्या वस्तीतल्या, गावातल्या फॅमिली डॉक्टरला कातडीचा कर्करोग ओळखायला शिकवले पाहिजे. आणि ते शिक्षण आपल्या कातडीवर, आपल्या कामांवर, आपल्या कपड्यालत्त्यांवर बेतलेले असले पाहिजे.

"हा गोऱ्यांचा रोग आहे"

नर्सिंगच्या वर्गात कातडीचा कर्करोग आम्हाला एका तासात शिकवला होता. पुस्तकातली चित्रे गोऱ्या माणसांची होती. गुलाबी कातडीवर लालसर गाठ, पांढऱ्या पाठीवर तपकिरी डाग. कारण काय, तर ऊन. मग बाईंनी सांगितले, "आपल्याकडे हे फारसे नसते, परीक्षेपुरते लक्षात ठेवा." डॉक्टर मंडळींशी बोलते तेव्हा त्यांचेही शिक्षण याहून फार वेगळे झाल्याचे जाणवत नाही.

यात अर्धे सत्य आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य जास्त असते, ते उन्हापासून पुष्कळसे संरक्षण देते. म्हणून गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडे हा रोग खूप कमी आहे. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. आणि आपल्याकडे तो होतो तेव्हा बहुधा पुस्तकातल्या जागी होत नाही. मेलॅनोमा आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या माणसांना होतो तो प्रामुख्याने तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. तिथे उन्हाचा काही संबंध नसतो. डॉक्टर तोंड बघतो, हात बघतो, पण तळपाय कोण बघतो?

बॉब मार्ले हे नाव आपल्या तरुण मुलांना ठाऊक असते. जमैकाचा काळा गायक, गुलामीविरुद्ध, वर्णद्वेषाविरुद्ध गाणारा. १९७७ मध्ये त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. आधी तो फुटबॉल खेळताना झालेला मार समजला गेला होता. अंगठा कापायला त्याने नकार दिला हे खरे. पण जगभर नाव असलेल्या माणसाच्या नखाखालचा कर्करोगसुद्धा आधी मुकामार वाटतो, हेही तितकेच खरे. ११ मे १९८१ रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला.

चित्रांचा प्रश्न फक्त आपलाच नाही. लंडनमध्ये मलोन मुक्वेंडे या कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्याला हेच खटकले. वर्गात दाखवलेले पुरळ, चट्टे माझ्यासारख्या कातडीवर कसे दिसतील, असा प्रश्न त्याने विचारला आणि २०२० मध्ये आपल्या शिक्षकांच्या मदतीने काळ्या व तपकिरी कातडीवरच्या लक्षणांची पुस्तिका तयार केली. विद्यार्थी एवढे करू शकतो, तर आपली वैद्यकीय महाविद्यालये मराठी मुलखातल्या माणसांच्या फोटोंची अशी पुस्तिका का काढू शकत नाहीत? त्यांच्या त्वचारोग विभागात रोज रांग लागते. रुग्णाची परवानगी घेऊन, चेहरा न दाखवता फोटो जमवायला किती खर्च येईल?

कमरेची जखम आणि १९४५ सालचे ज्ञान

आता दुसरा प्रकार. त्याचे नाव स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा आपल्याकडे जुन्या जखमेत, जुन्या वणात होतो. भाजल्याचा वण वर्षानुवर्षे तसाच असतो, मग कधी तरी तो फुटतो, चिघळतो, कडा वर येतात, फुलकोबीसारखी वाढ दिसू लागते. भाजल्यानंतर वीस-तीस वर्षांनीसुद्धा असे होऊ शकते. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या, किंवा भाजवल्या गेलेल्या, बायका आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. कुष्ठरोगामुळे तळव्याची संवेदना गेलेल्यांच्या पायाला वर्षानुवर्षे न भरणारी जखम असते, तिथेही हा कर्करोग होऊ शकतो. हाडापर्यंत गेलेली, सतत वाहणारी जुनी जखम असेल, तर तिथेही.

आणि कंबर. बायाबापड्यांच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा करकोचा असतो. तो इतका नेहमीचा, की त्याला कोणी रोग म्हणत नाही. घाम, धूळ, रोजचे घासणे यांमुळे तिथली कातडी जाड होते, खाजते, सोलवटते. क्वचित कोणाला तिथे न भरणारी जखम होते आणि त्यातून कर्करोग. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एकीची जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरीने चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला कसून बांधले होते. तिची जखम दोन वर्षांची होती आणि निदान झाले तेव्हा रोग जांघेतल्या गाठीत गेला होता.

बातमी छापून आली तेव्हा लोकांना ती नवलाची वाटली. पण हे ज्ञान नवे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी आपल्या सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ मध्येच धोतर कसून नेसण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन करून ठेवले होते. म्हणजे देशाला स्वातंत्र्य मिळण्याआधी मुंबईत जे कळले, ते आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलेले नाही. टाटा रुग्णालयातले डॉक्टर कमरेच्या जखमेकडे संशयाने पाहतात. पण टाटाला पोहोचण्याआधी ती बाई ज्या दारात चार-पाच वेळा जाऊन येते, त्या दारातल्या माणसाला हे माहीत नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

काश्मीरमध्ये थंडीत लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. तिच्या धगीने पोटाला, मांड्यांना वर्षानुवर्षे चटके बसून तिथे होणाऱ्या कर्करोगाला तिथल्या डॉक्टरांनी 'कांगडी कॅन्सर' असे नावच दिले आहे. त्यांना आपली माणसे कशी जगतात हे ठाऊक आहे, म्हणून पोटावरची जखम बघताच ते सावध होतात. १७७५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी चिमण्या साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कातडीवरचा कर्करोग काजळीशी जोडला. ही माणसे लहान पोरे असल्यापासून चिमणीत उतरवली जात. कामामुळे कर्करोग होतो हे जगाला प्रथम कळले ते गरिबांच्या कातडीवरून. म्हणून डॉक्टरने "काय होतंय?" याबरोबर "काम काय करता? काय नेसता? पूर्वी भाजलं होतं का?" हेही विचारले पाहिजे. आपल्या समाजातली माणसे गटारात उतरतात, कचरा वेचतात, वीटभट्टीवर राबतात, डांबर टाकतात, अनवाणी शेतात उभी राहतात. त्यांच्या कातडीवर त्यांच्या कामाचा इतिहास असतो, आणि तो डॉक्टरला वाचता आला पाहिजे.

फॅमिली डॉक्टरच का?

कारण त्वचारोगतज्ज्ञ शहरात असतो आणि आपला माणूस वस्तीत. ताप आला, पोट बिघडले, खाज सुटली, की आपण जातो कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे. ते एमबीबीएस असतील, बीएएमएस असतील, बीएचएमएस असतील. आपण त्यांना नावाने ओळखतो, ते आपल्या तीन पिढ्यांना ओळखतात. मोठ्या रुग्णालयाचा केसपेपर काढायला एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पहिली नजर त्यांची असते, आणि या रोगात पहिली नजरच जीव वाचवते. मेलॅनोमा कातडीच्या वरच्या थरात असताना पूर्ण काढला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. खोल गेला, गाठीत गेला, की चित्र पालटते. ही खोली मिलिमीटरमध्ये मोजतात.

मी डॉक्टरांना शिव्या द्यायला बसलेली नाही. त्यांची बाजू मी आतून पाहिली आहे. संध्याकाळच्या चार तासांत साठ-सत्तर पेशंट, एक छोटी खोली, पडदा धड नाही, बाईमाणसाला कंबर दाखवायला सांगावी तर सोबत नर्स नाही. रुग्णालाही घाई, "एक ट्यूब लिहून द्या" म्हणतो. मग स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक अशी तिन्ही एकत्र असलेली ट्यूब लिहिली जाते. तिने खाज थांबते, लाली जाते, दोघांनाही बरे वाटते. आत कर्करोग असेल, तर तो वाढत राहतो आणि मधले सहा महिने वाया जातात. त्यातच डॉक्टरने संशय घेऊन रुग्णाला पुढे पाठवले, तरी त्याचे काय झाले हे मोठे रुग्णालय सहसा कळवत नाही. आपला अंदाज बरोबर होता की चूक, हे न कळता माणूस शिकणार कसा?

आणखी एक गोष्ट दवाखान्यात आणि ब्युटी पार्लरमध्ये सर्रास चालते. तीळ, चामखीळ मशीनने जाळून टाकणे, किंवा कापून कचऱ्याच्या डब्यात टाकणे. शंभरातले बहुतेक तीळ निरुपद्रवीच असतात. पण जो नसतो, त्याचा पुरावाच जळून जातो.

प्रशिक्षण कसे हवे?

तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांचे प्रशिक्षण म्हणजे बऱ्याचदा हॉटेलातले एक व्याख्यान, मागे औषध कंपनीचा फलक आणि नंतर जेवण. तसले प्रशिक्षण मला नको आहे. माझ्या मागण्या अशा:

एक, प्रशिक्षण आपल्या कातडीच्या फोटोंवर व्हावे, आणि त्यात अर्धा दिवस तरी प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याचा असावा. सावळ्या कातडीवर बेसल सेल कार्सिनोमा नावाचा प्रकार बहुधा काळा, चकचकीत मण्यासारखा दिसतो आणि साधा तीळ म्हणून सोडून दिला जातो. हा फरक फळ्यावर शिकवून कळत नाही.

दोन, जागा पाठ करून घ्याव्यात: तळपाय, तळहात, नखे, कंबर, भाजल्याचा वण, जुनी जखम. आणि तीळ-डाग पाहताना पाच गोष्टी: दोन अर्धे सारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात अनेक रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बदलणारा. नखात उभी काळी रेघ नव्याने आली, रुंद होत गेली, किंवा तिचा काळा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर लगेच पुढे पाठवणे.

तीन, एक साधा नियम: नीट उपचार करूनही सहा आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेवर पुन्हा मलम लिहायचे नाही, तुकडा तपासायला पाठवायचा. तुकडा जखमेच्या मधून नव्हे, कडेचा घ्यायचा, आणि जखम मोठी असेल तर एकाहून जास्त ठिकाणचा. मेलॅनोमाची शंका असेल, तर जाळायचे नाही, खरवडायचे नाही, थेट तज्ज्ञाकडे. काढलेले काहीही कचऱ्यात टाकायचे नाही, फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला द्यायचे.

चार, पुढची वाट ठरलेली हवी. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचा एक वार ठरवून तुकडा काढण्याची सोय असावी आणि निकाल रुग्णाबरोबर पाठवणाऱ्या डॉक्टरलाही कळवला जावा. ई-संजीवनीसारखी दूरवरून सल्ला देणारी सरकारी सेवा आहे, तिच्यावर फोटो दाखवून विचारता येईल. कर्करोगाच्या उपचारांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पण निदान होईपर्यंतच्या चकरा, तपासण्या, गाडीभाडे हे गरिबाच्या खिशातून जाते, आणि बरेच जण तिथेच गळतात.

पाच, आशाताई आणि नर्सेसनाही याच प्रशिक्षणात बसवावे. ड्रेसिंग आम्ही करतो. जखम रोज आमच्या डोळ्यांसमोर असते. मला त्या वेळी कोणी हे शिकवले असते, तर तीन आठवडे मी गप्प बसले नसते.

हे अशक्य नाही, कारण यातले अर्धे काम आपल्या यंत्रणेत आधीच आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म आशाताई घरोघर भरतात, त्यात मधुमेह, रक्तदाब आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांबरोबर कुष्ठरोगासाठी कातडीचेही प्रश्न असतात. चट्टा आहे का, गाठी आहेत का, तळहात-तळपायाला वारंवार जखम होते का. म्हणजे आशाताई तळपायाबद्दल विचारते! फक्त उत्तर "हो" आले, की पुढचा माणूस बधिरपणा तपासतो, आणि चट्टा बधिर नसेल तर विषय संपतो. तिथेच "जखम किती दिवसांची? डाग बदलतोय का?" एवढे दोन प्रश्न जोडले, तर वेगळी मोहीम काढायची गरज नाही. कुष्ठरोगाच्या कामाने गावोगावच्या साध्या कार्यकर्त्यांना कातडी वाचायला शिकवून दाखवले आहे.

एमबीबीएस डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना प्रशिक्षणाचे गुण दाखवावेच लागतात. त्यांतले काही गुण या विषयाला राखून ठेवता येतील. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांना यातून वगळू नये. त्यांची पदवी मोठी की लहान, हा वाद शहरात चालू द्या. आपला रुग्ण आज त्यांच्याच बाकावर बसलेला आहे.

"इतके रोग असताना हे कशाला?"

हा प्रश्न मला आमच्याच बैठकीत एका भावाने विचारला. टीबी आहे, मधुमेह आहे, तंबाखूने तोंडाचे कर्करोग होत आहेत, त्यात या दुर्मीळ रोगासाठी डॉक्टरांचा वेळ का घ्यायचा? प्रश्न रास्त आहे. पैसा आणि वेळ दोन्ही थोडे आहेत. मेलॅनोमासाठी घरोघर तपासणी करा असे मी म्हणत नाही. प्रत्येक तिळाला घाबरून लोकांनी रुग्णालयात गर्दी करावी, असेही नाही.

पण कातडी बघायला मशीन लागत नाही, रक्त लागत नाही, वीजसुद्धा लागत नाही. उजेड आणि दोन मिनिटे लागतात. आणि ज्या डॉक्टरला रुग्णाचा तळपाय बघायची सवय लागली, त्याला मधुमेहाची चुपचाप वाढणारी जखम दिसेल, कुष्ठरोगाचा चट्टा दिसेल. "सहा आठवड्यांत भरली नाही तर तुकडा तपासा" हा नियम ज्याच्या अंगवळणी पडला, तो तोंडातली न भरणारी जखमही सोडणार नाही. शिकवायचे आहे ते नीट बघायला, आणि त्याचा उपयोग सगळ्याच रोगांत आहे.

बघणे आणि शिवणे

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर ए व्हिसा' मध्ये काठियावाडातली एक घटना दिली आहे. ती १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त पत्ररूपाने छापली गेली होती. अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली, आजारी पडली. डॉक्टर महारवाड्यासारख्या त्या वस्तीत यायलाच तयार नव्हता. आला तो अटी घालून. बाळंतिणीला घराबाहेर आणवले, थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. न शिवता तपासणी झाली. ती बाई वाचली नाही.

आज तसा थर्मामीटर कोणी फिरवत नाही. आजचा डॉक्टर आपल्याला शिवत नाही याचे कारण बहुतेक वेळा घाई असते, सवय नसणे असते. पण टेबलाच्या पलीकडून बघून चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर आणि घाणीत काम केलेला पाय पुढे करायला संकोचणारी मावशी, यांच्यातल्या अंतराला काही इतिहास नाही, असे मला म्हणवत नाही. मावशींनी मला पाय दाखवताना आधी पदराने पुसला होता. "घाण हाय गं," म्हणाल्या होत्या. कातडीचा रोग न शिवता ओळखता येत नाही. म्हणून या प्रशिक्षणाचा पहिला धडा फोटोंचा नसावा. रुग्णाला बसवायचे, चप्पल काढायला सांगायचे आणि पाय हातात घ्यायचा, हा असावा.

आपण काय करायचे?

सरकारकडे मागत असताना घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. महिन्यातून एकदा, पौर्णिमेला म्हणा, अंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखे, कंबर बघा. म्हाताऱ्या आई-वडिलांचे तळवे मुलांनी बघावेत, त्यांना वाकता येत नाही. परकराची नाडी सैल बांधा, रुंद पट्टी लावा, रोज एकाच जागी गाठ नको. काळ्या डागावर ब्लेड, बिब्बा, चुना, ॲसिड काहीही लावू नका. भाजल्याचा जुना वण पुन्हा फुटला, तर थांबू नका. जन्मतःच सगळे अंग, केस, पापण्या पांढऱ्या असलेले मूल घरात असेल, तर त्याला उन्हापासून जपा. त्याच्या कातडीला ऊन खरोखरच धोक्याचे आहे.

दवाखान्यात गेल्यावर संकोच सोडा. स्वतःच चप्पल काढा. म्हणा, "डॉक्टर, ही जखम अमुक महिन्यांची आहे, तुकडा तपासायला हवा का?" तारीख सांगा, कारण तारीख ऐकली की डॉक्टरही थबकतो. आमच्या वस्तीतल्या एका डॉक्टरांना हा प्रश्न एका भगिनीने विचारला. आधी ते चिडले. मग त्यांनी दिवा ओढून पुन्हा पाहिले आणि पुढे पाठवले. ती जखम कर्करोगाची निघाली नाही. कोणाचे काही बिघडले नाही.

दर वर्षी जयंतीला, वर्षावासात आपण विहारात आरोग्य शिबिरे घेतो. रक्तदाब आणि साखर तपासतो, फोटो काढतो. येत्या शिबिरात एक खुर्ची, एक बादली पाणी, एक टॉवेल आणि एक चांगला दिवा एवढे वाढवा. आपल्या फॅमिली डॉक्टरांना सन्मानाने बोलवा, जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोगतज्ज्ञाला त्यांच्या शेजारी बसवा. दोघे मिळून पाय बघतील. तेच प्रशिक्षण होईल आणि तीच तपासणी. पाय धुऊन द्यायला मी येईन.

जय भीम.